पाठीमागची रुई

"पाठीमागं हाय का व?" असं विचारून विशाखा माझ्याकडे पाठ करायची आणि नळाच्या ओट्यावर बसायची.

असायचीच. कानामागे, वेणीच्या पेडांत, मानेवरच्या बारीक केसांत. समोरची रुई ती स्वतः झटकून यायची, पण मागचं कोणाला दिसतं? मी एकेक तंतू बोटाने उचलायचे आणि तेवढ्या वेळात ती दिवसभराचं सगळं सांगून टाकायची. मुकादम आज कोणावर खेकसला, कोणाच्या लेकराला ताप आहे, कोणती बाई जेवणाच्या सुट्टीत सरकीच्या ढिगावर गाढ झोपून गेली. वनस्पतिशास्त्र विभागाच्या मागे, रोपवाटिकेला लागून तो नळ होता. संध्याकाळी साडेपाचला तिकडे कोणी फिरकत नसे. मग ती तोंड धुवायची, पिशवीतला दुसरा दुपट्टा काढून घ्यायची आणि आम्ही दोघी, दिवसभर सूक्ष्मदर्शकात डोळे घालून थकल्यासारख्या, फाटकाबाहेर पडायचो.

खरं तर दोघींपैकी एकच दिवसभर प्रयोगशाळेत असायची. दुसरी जिनवर असायची.

जिन म्हणजे शहराबाहेरचा जिनिंगचा कारखाना. खेड्यांतून आलेल्या कापसातली सरकी तिथे यंत्रात वेगळी होते आणि रुई वेगळी. विशाखा खंडारे, विद्यापीठातून एम.एस्सी.ला तिसरी आलेली, वऱ्हाडातल्या गवतांवर पीएच.डी. करणारी, तिथे सकाळी आठ ते संध्याकाळी पाच रोजाने कापसातला कचरा वेचत होती. हे विभागात फक्त मला ठाऊक होतं.

ही पाळी तिच्यावर कशी आली ते सांगते. आम्ही नोंदणी केली तेव्हा पूर्णवेळ संशोधन करणाऱ्या प्रत्येकाला सरकारचं विद्यावेतन मिळत होतं, वर थोडं घरभाडंही. आमच्या तिसऱ्या वर्षी, ऐन जुलैत, एक परिपत्रक आलं. निधीअभावी यापुढे जागा मर्यादित. आमच्या विभागात आम्ही चौघं होतो, त्यातल्या एकालाच मिळणार. घरभाडं तर सगळ्यांचंच बंद. नाव माझं निघालं. गुणांचा काहीतरी हिशेब होता, त्यात मी विशाखाच्या जराशी वर होते. मी तिच्यापेक्षा हुशार नव्हते, हे आमच्या विभागाच्या शिपायानेसुद्धा सांगितलं असतं.

उरलेले तिघं प्रतीक्षा यादीत गेले. मार्चमध्ये सुधारित यादी निघेल, असं पत्रकाच्या शेवटी लिहिलं होतं. तोवर हजेरीत एका दिवसाचाही खंड पडता कामा नये. सकाळी साडेदहाला एक सही, संध्याकाळी पाचला दुसरी. आणि बाहेर कुठेही काम करता कामा नये. म्हणजे विद्यावेतनाची आशा ठेवायची असेल तर कमवायचं नाही, आणि न कमवता खायचं काय ते त्यात कुठे लिहिलं नव्हतं. दोघांनी दिवाळीआधीच गाशा गुंडाळला. विशाखा राहिली.

तिला जाणं परवडण्यासारखं नव्हतं. तिची आई पंचफुलाबाई टाकळीला दुसऱ्यांच्या शेतात कापूस वेचायची. वडील लहानपणीच गेलेले, धाकटी बहीण प्रज्ञा अकरावीतून बारावीत आलेली. दोन वर्षं विशाखा विद्यावेतनातून घरी पैसे पाठवत होती. ते बंद झाल्याचं तिने घरी कळवलंच नाही.

"कशाले सांगू?" ती म्हणायची. "माय येईन अन् म्हणन, चाल घरी, वेच कापूस. त्यापेक्षा मी इथंच वेचतो न."

आणि हसायची. तिचं हसणं मोठं होतं. वसतिगृहाच्या बाई त्यासाठी तिला दोनदा बोलल्या होत्या.

नोव्हेंबरात जिन सुरू झाली आणि तिने मला एवढंच सांगितलं की तिची सही मी मारायची. मी लगेच हो म्हटलं. मैत्रिणीची हजेरी लावणं म्हणजे आमच्या लेखी तिच्या वाटचं पाणी भरून ठेवण्यासारखं होतं. कॉलेजपासून सगळेच करत आले होते. प्रात्यक्षिकाच्या वहीच्या शेवटच्या पानावर मी तिची सही गिरवली. आडनाव, मग नाव, खाली एक लांब रेघ, आणि रेघेचं टोक वर वळलेलं. तिच्या चिकटवलेल्या गवतांच्या काड्यांसारखं. आठवडाभरात मला ती इतकी साधली की एकदा विशाखा मी मारलेली तिची सही पाहून म्हणाली, "माह्यापेक्षा तूच बरी मारते व पमे. आता डिग्रीवर बी तूच मार."

रविवारी ती गवतं घेऊन बसायची. कुसळी, मारवेल, पवन्या, कुंदा. वाळलेली काडी जाड कागदावर कशी ठेवायची म्हणजे तिचा तुरा उघडा दिसेल, यावर ती अर्धा तास घालवायची. मी कंटाळायचे. तिला म्हटलं, गवत ते गवत, गाईला विचार त्यातला फरक. तर ती म्हणाली की गाईलाच खरा फरक कळतो, आपल्यालाच कळत नाही.

जानेवारीत शेजारच्या विभागात तिघं पकडले गेले. एकमेकांच्या सह्या मारत होते. तिघांचं विद्यावेतन रद्द झालं, आणि तोवर मिळालेलं सगळं परत भरा, असा आदेश निघाला. त्या दुपारी आमचे विभागप्रमुख मोहोड सर प्रयोगशाळेत आले आणि कोणाकडे विशेष न पाहता म्हणाले की हजेरीवर त्यांचं लक्ष आहे. ते सगळ्यांनाच म्हणाले असतील. पण चोराच्या मनात चांदणं. मला ते माझ्यासाठीच म्हटलेलं वाटलं. माझ्या वडिलांना अर्धांगवायू झाल्याला तेव्हा वर्ष झालं होतं आणि घर माझ्या विद्यावेतनावर चाललं होतं. परत भरायचं म्हटलं तर आम्ही काय विकणार होतो? मी घाबरले. मी किती घाबरट आहे हे मला तोवर माहीत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी विशाखा नेहमीसारखी पोळ्या फडक्यात बांधत होती. मी पलंगावर बसून होते.

"आज शेवटचं," मी म्हटलं. "उद्यापासून तुहं तू पाय."

तिने गाठ मारली. "मार्चात यादी निंगते म्हणतात. दीड महिना त राहिला."

"अन् दीड महिन्यात मी पकडली गेली म्हंजे?"

तिने पोळ्या पिशवीत ठेवल्या. तेवढ्यावर मी थांबायला हवं होतं.

"आज संध्याकाळी मी नळावर थांबणार नाही," मी म्हटलं. "तुही रुई तू काढ."

"पाठीमागची कशी काढू व?"

ती हसतच म्हणाली. तिला वाटलं मी तिची फिरकी घेते आहे. मी हसले नाही. मी भिंतीकडे तोंड करून पडले आणि ती पायऱ्या उतरून गेल्याचा आवाज ऐकला.

साडेदहाला मी दोघींच्या सह्या केल्या. पाचलाही केल्या. रागात होते, तिच्या नावाखालची रेघ नेहमीपेक्षा लांब गेली. मग खरंच, म्हटल्याप्रमाणे, मागे नळाकडे न जाता समोरच्या फाटकातून निघाले आणि वसतिगृहावर येऊन केस धुतले.

जिनवरच्या बायकांना आणणारी मेटाडोर रोज विद्यापीठाच्या मागच्या फाटकाशी क्षणभर थांबायची. विशाखा तिथे उतरायची आणि बाकीच्या शहरात जायच्या. त्या दिवशी ती उतरली नाही. नळावर कोणी नव्हतं, उतरून काय करणार होती? ती तशीच पुढे वसतिगृहाकडे निघाली. फाटकापासून एक किलोमीटरवर, बायपासच्या वळणावर, सव्वापाचला मेटाडोर उलटली. अकरा बायका होत्या. दहा वाचल्या.

सरकारी दवाखान्यात मी गेले, पण आत गेले नाही. तिचा मामा आणि टाकळीची चार माणसं तिला घेऊन गेली. त्यांच्यासोबत चल, असं वसतिगृहाच्या बाईंनी मला सांगितलं. मला पाहवणार नाही, असं मी म्हटलं. ते खरंही होतं. पण पुरतं खरं नव्हतं. तिथे कोणीतरी मला विचारलं असतं की पोरगी त्या गाडीत कशी, आणि ते मला नको होतं.

त्यानंतर सोळाव्या दिवशी मोहोड सरांनी मला त्यांच्या खोलीत बोलावलं. दारातच ते हलक्या आवाजात म्हणाले, "काळबांडे, विचारतील तेवढंच सांगायचं." सरांना माहीत होतं की नव्हतं, ते मला आजही ठरवता येत नाही. मस्टरच्या प्रत्येक पानावर खाली त्यांचीही सही असायची.

आत कामगार कार्यालयातला एक माणूस बसला होता, जिनच्या ठेकेदाराचा वकील होता, विशाखाचा मामा होता, आणि भिंतीशी खुर्चीच्या अगदी कडेला पंचफुलाबाई. मी त्यांना त्याआधी एकदाच पाहिलं होतं. विशाखासाठी ज्वारीच्या लाह्या घेऊन वसतिगृहावर आल्या होत्या आणि मलाही ओंजळभर देऊन गेल्या होत्या.

मामाने नुकसानभरपाईचा अर्ज केला होता. पोरगी जिनवर कामाला होती आणि कामावरून परतताना गेली, असं त्यात लिहिलेलं. हे त्याला कोणी सांगितलं कोण जाणे. गाडीतल्याच एखाद्या बाईने सांगितलं असेल, आणि मग मुकादमाने विचारल्यावर तिनेच कानावर हात ठेवले असतील. त्यांना पुढचा हंगाम काढायचा होता. वकिलाचं म्हणणं असं की खंडारे नावाची कोणी बाई ठेकेदाराच्या कामावर नव्हतीच. विद्यापीठातली मुलगी, पाच वाजता विभागातून निघाली, फाटकाशी हात दाखवून फुकट गाडीत बसली. सव्वापाचला अपघात. वेळ बरोबर जुळते. आणि पुरावा म्हणून समोर आमचं मस्टर उघडं पडलं होतं.

अर्ज मंजूर झाला तर प्रज्ञाचं शिक्षण होईल, एवढंच मामा पुन्हा पुन्हा सांगत होता. कामगार कार्यालयातल्या माणसाला त्याचं वाईट वाटत असावं. त्याने मला बसायला सांगितलं, तेही सौम्यपणे. मग विचारलं, त्या दिवशी खंडारे विभागात होत्या का.

"मस्टरवर सही आहे," मी म्हटलं.

"ते मलाही दिसतं. तुम्ही पाहिलं का त्यांना?"

पंखा फिरत होता. मोहोड सर टेबलावरच्या काचेखालचं वेळापत्रक वाचत होते. माझ्या डोळ्यांपुढे तेव्हा विशाखा नव्हती. मला खाटेवरचे माझे वडील दिसत होते, आणि तो 'परत भरा'चा आदेश.

"हो," मी म्हटलं.

त्याने लिहून घेतलं. मामा उठून व्हरांड्यात गेला. मग पंचफुलाबाई पहिल्यांदाच बोलल्या. साहेबाशी नाही, माझ्याशी.

"बाई, पाच वाजेपर्यंत थे इथंच होती?"

त्या माझ्याकडे पाहत होत्या. डोळे कोरडे होते.

"हो मावशी."

"तू पायलं तिले?"

"हो."

त्यांनी मान हलवली. मग टेबलाशी आल्या आणि तिची सही कोणती ते दाखव म्हणाल्या. मी बोट ठेवलं. त्यांनी माझं बोट बाजूला केलं आणि स्वतःचं ठेवलं, रेघेच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत हळूच नेलं. या पानाची झेरॉक्स मिळेल का, असं त्यांनी विचारलं. सरांनी ताबडतोब शिपायाला पाठवलं. त्यांनी तो कागद चौघडी करून कमरेच्या पिशवीत ठेवला आणि निघून गेल्या.

मी सुटले, असं मला त्या वेळी वाटलं. त्या सुटल्यासारखं वाटण्याची लाज मला आज चौदा वर्षांनीही वाटते. पुढे मी स्वतःची समजूतही घातली. पैसे गेले, पण त्या माऊलीला लेकीचं शेवटचं अक्षर तरी मिळालं. पोरगी कष्टाच्या जागी नाही, पुस्तकांत होती, एवढं समाधान तरी. असली समजूत रिकाम्या पोटी पाणी पिण्यासारखी असते, घटकाभर पोट भरल्यासारखं वाटतं.

अर्ज फेटाळला गेला. मार्चमध्ये सुधारित यादी निघाली. आमच्या विभागातून एकच नाव होतं, खंडारे विशाखा. शेरा होता, हजेरीत खंड नाही. ती यादी फलकावर लावली गेली आणि दोन दिवसांनी कोणीतरी काढून घेतली. ती मीच काढली होती.

मी पीएच.डी. पूर्ण केली, त्याच विभागात लागले, आता विभागप्रमुख आहे. मोहोड सरांची खुर्ची, तीच काच. विशाखाची गवतं माझ्या मागच्या कपाटात आहेत, दोनशे बारा कागद, प्रत्येकावर कोपऱ्यात तिचं नाव. सही करताना माझा हात नावापाशी थांबत नाही, खाली रेघ ओढायला जातो. बँकेने दोनदा माझा धनादेश परत केला आहे. मागचा नळ मी प्रमुख झाल्या वर्षीच बंद करवला, ओटासुद्धा फोडला. तरी साडेपाचच्या सुमाराला त्या बाजूच्या खिडकीशी मी उभी राहत नाही. राहिले तर ती विचारते. मोठ्याने नाही, नेहमीच्या आवाजात विचारते, पाठीमागं हाय का व. भुताखेतांवर माझा विश्वास नाही. पण ती खिडकी मी लावूनच ठेवते.

गेल्या हिवाळ्यात पुन्हा एक परिपत्रक आलं. भाषा थोडी वेगळी, मतलब तोच. माझ्या हाताखाली पाच विद्यार्थी, विद्यावेतन दोघांना. पंधरा दिवसांनी मस्टर तपासताना एका पानावर माझा हात थबकला. दोन मुलींच्या सह्या एकाच हाताच्या होत्या. दुसऱ्या कोणाला कधीच कळलं नसतं. मला कळायला एक क्षणही लागला नाही.

मी मस्टर मिटलं. कोणाला बोलावलं नाही, विचारलं नाही. पण खुर्चीत बसवेना. दुसऱ्या दिवशी रजा टाकली आणि टाकळीची एस.टी. पकडली.

गावात पंचफुलाबाईंचं घर विचारावं लागलं. दोन खोल्या, वर टिनं, अंगणात शेवग्याचं झाड. त्या दारात बसून तुरीच्या शेंगा सोलत होत्या. खूप वाळल्या होत्या. मी समोर उभी राहिले तर हाताची सावली करून त्यांनी पाहिलं.

"काळबांडे बाई ना तू?"

मी हो म्हटलं.

"बस," त्या म्हणाल्या. जणू मी काल येणार होते आणि आज आले.

त्यांनी चहा मांडला. वडील आहेत का, लग्न झालं का, लेकरं किती, असं सगळं विचारलं. वडील त्याच वर्षी गेले, हे सांगताना मला त्यांच्याकडे पाहता आलं नाही. चहा झाल्यावर त्या उठल्या आणि भिंतीवरच्या बुद्धाच्या तसबिरीमागून एक प्लास्टिकची पिशवी काढली. आत तो कागद होता. चौघडीच्या घड्यांवर फाटलेला, मागून चिकटपट्टी लावलेला. त्यांनी तो माझ्यापुढे ठेवला.

इतकी वर्षं जपला. एस.टी.त मी सगळी वाक्यं तयार करून ठेवली होती. त्यातलं पहिलंच कसंबसं निघालं.

"मावशी, मले तुमाले काही सांगायचं हाय. या सहीचं."

"मले वाचता येत नाई, बाई," त्या म्हणाल्या. "पण कापूस समजते."

मी थांबले.

"तिले आंघोळ घातली थे मीच घातली. दुसऱ्या कोणाले हात लावू नाई देला. समोरचे केस साफ होते. झटकले असतीन तिनं. मानीखाली हात घातला त रुई निंगाली. मूठभर. वेणीतून, कानामांगून. सरकी नाई, पत्ती नाई, निस्ती रुई." त्या पुन्हा शेंगा सोलायला बसल्या होत्या, बोलताना हात थांबले नव्हते. "मी जनमभर कापूस वेचला. शेतातल्या कापसात सरकी रायते. निस्ती रुई शेतात अंगाले लागत नाई. थे जिनवरच लागते. तवाच समजलं मले, पोरगी दिवसभर कुठं होती थे. भावाले मीच सांगतलं, अर्ज कर म्हणून."

म्हणजे त्या खोलीत त्या आल्या तेव्हा त्यांना माहीत होतं. मला विचारलं तेव्हा माहीत होतं. सहीवरून बोट फिरवलं तेव्हाही.

"मंग तवा काऊन नाई बोलल्या मावशी?"

"बोलली न. सायबाले नाई इचारलं, वकिलाले नाई इचारलं. तुले इचारलं. दोन डाव इचारलं."

मी खाली पाहिलं. जमिनीवर शेंगांची टरफलं पडली होती.

"मले वाटलं, लेकरू भेलं हाय. आज नाई त उद्या येईन. म्हणून थो कागद मांगून घेतला. म्हटलं, ज्याची सही हाय थो येईन तवा दाखवाले पायजे." एक शेंग त्यांनी वाकवून फोडली. "प्रज्ञीची बारावी होतलोक वाट पायली. मंग नाई पायली."

"मावशी, माही चूक..."

"असू दे," त्या म्हणाल्या. माफीचा आवाज नव्हता तो. दाण्यांतला खडा बाजूला काढावा, तसा त्यांनी माझा शब्द बाजूला काढला. मग कागद पिशवीत घालून माझ्याकडे सरकवला. "घेऊन जा आता. तुही हाय थे."

मी तो उचलला. मला उठून जायला हवं होतं, पण मी तिथेच बसून राहिले. शेवग्याची सावली भिंतीवर चढली. रस्त्यावर एक गाडी थांबल्याचा आणि बायकांच्या बोलण्याचा आवाज आला. मग एक बाई हातात डबा घेऊन अंगणात शिरली, चेहऱ्याला दुपट्टा बांधलेला. तिने दुपट्टा सोडला आणि मी दचकले. विशाखाच होती, फक्त बत्तीस वर्षांची. विशाखा बत्तीस वर्षांची कधी झाली नाही.

"ताईची मैत्रीण हाय," पंचफुलाबाई तिला म्हणाल्या.

प्रज्ञाने माझ्याकडे नीट पाहिलं, थोडंसं हसली. ताईबद्दल काहीतरी विचारावं असं तिच्या मनात आलेलं दिसलं, पण दिवसभराने दमली होती. डबा ठेवून तिने रांजणातलं पाणी घेतलं, तोंड धुतलं, समोरचे केस दोन्ही हातांनी झटकले. पांढरे तंतू उन्हात उडाले. मग ती दाराकडे पाठ करून पायरीवर बसली.

"माय, पाठीमागं हाय का व?"

पंचफुलाबाई जागच्या हलल्या नाहीत.

"मले आता दिसत नाई नीट," त्या म्हणाल्या. "या बाईले सांग. तिले येते."

प्रज्ञा थोडी संकोचली, मग जराशी सरकून माझ्यापुढे पाठ करून बसली आणि मान खाली घातली. मी कागदाची पिशवी मांडीखाली ठेवली. तिच्या कानामागचे केस बाजूला केले आणि वेचायला लागले.

बरंच होतं.